स्वानंद घरी येतोय

बाजीराव आमच्या सोफ्यावर असा बसला होता, जसं काही घर त्याच्या बापाचं. चहा नको म्हणाला. त्यांच्या प्रतिष्ठानात चहा पीत नाहीत ना, ती म्हणे इंग्रजांनी लावलेली सवय. मग दूध घेतलं, तेही गरम, वर वेलची घालून.

"वहिनी, जामीन झाला," तो म्हणाला. "शनिवारी स्वानंदराव बाहेर."

आमचे हे, म्हणजे सुभाष, ताडकन उभे राहिले आणि त्यांनी बाजीरावाचे दोन्ही हात धरले. मी किचनच्या दारात होते, हातात सांडशी. मला वाटायचं, ही बातमी येईल तेव्हा मी रडेन, ओरडेन, देवापुढे साखर ठेवायला धावेन. यातलं काहीच झालं नाही. मी तेवढी फ्रिजला टेकले.

"एकच विनंती आहे," बाजीराव म्हणाला. "घणसोली स्टेशनपासून तुमच्या गेटपर्यंत मिरवणूक काढतोय. ढोलपथक आहे, चॅनलवाले येणारेत. गेटवर औक्षण तुमच्या हातचं पाहिजे. आईनं ओवाळलं की बघणाऱ्याच्या काळजाला भिडतं."

"कशाबद्दल ओवाळायचं?"

"स्मिता!" सुभाष म्हणाले.

"नाही, मी खरंच विचारतेय. पोरगं परीक्षेला निघालं की ओवाळतात, वाढदिवसाला ओवाळतात, लढाईवरून आलं की ओवाळतात. हा कशावरून येतोय?"

बाजीराव हसला. त्याचं हसणं गोड आहे हो, तीच तर पंचाईत आहे. "लढाईवरूनच की, वहिनी. आणि तुमची इच्छा नसली तरी काही हरकत नाही. प्रतिष्ठानच्या ऑफिसवर खोली आहे, तिथे राहील तो. तिथेही आपलीच माणसं आहेत." दुधाचा कप खाली ठेवून तो निघाला. दारात चपला घालताना माझ्या पाया पडला.

म्हणजे सरळच सांगून गेला. ओवाळलंस तर पोरगा तुझ्या घरी, नाहीतर आमच्याकडे.

आता तुम्ही पेपरात स्वानंदचा फोटो बघितला असेल, तोंडावर बुरखा घातलेला. तो विसरा. माझा मुलगा तसा नाही दिसत. तो उंच आहे आणि पोक काढून चालतो, हसताना नाकातून आवाज काढतो, पोळी बघितली की तोंड वाकडं करतो आणि भात दोनदा घेतो. एक नंबरचा आळशी. ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस, हे मी त्याला इतकी वर्षं सांगत आले की शेवटी मलाच कंटाळा आला. डिप्लोमा केला, रबाळ्याला एका कंपनीत कंत्राटावर सुपरवायझर लागला. कंत्राट संपलं आणि त्यानंतर दोन वर्षं घरात बसला.

घरात बसलेला मुलगा काय असतो, हे ज्याच्या घरात बसलाय त्यालाच कळतं. सुभाष बँकेतून आले की बूट काढता काढता विचारायचे, "काय साहेब, आज काय दिवे लावले?" रोज. हळदीकुंकवाला बायका वाण घेताना हळूच विचारायच्या, सध्या काय करतो स्वानंद? मी म्हणायचे, इंटरव्ह्यू चालू आहेत. मग कुणी आलं की तो खोलीतून बाहेरच येईना. पाहुणे गेल्यावर येऊन उभ्या उभ्या ओट्याशी जेवायचा.

आणि मग बाजीराव आला. गड साफ करायला प्रतिष्ठानतर्फे पोरं नेतो म्हणाला. बाईकवरून न्यायला यायचा आणि खालून हाक मारायचा, "स्वानंदराव!" सोसायटीतल्या कुत्र्यानेही ज्याला मान दिला नसेल त्याला राव. महिन्याभरात पोरगं पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायला लागलं. चहा सोडला. टॉवेल दोरीवर वाळत घालायला लागलं. सकाळी बाहेर पडताना आमच्या दोघांच्या पाया पडायला लागलं. मुलगा मार्गाला लागला म्हणून सुभाषनी बँकेत पेढे वाटले, खोटं नाही सांगत.

तो दारू पिऊन आला असता ना, तर मी चप्पल काढली असती. सिगरेटचा वास आला असता तर खोदून खोदून विचारलं असतं. पण पहाटे उठून पाया पडणाऱ्या मुलाला कुठली आई विचारते, की बाबा रे, तुला झालंय तरी काय? मी तर त्यांच्या शिबिराला भाकऱ्या बडवून दिल्या, सोबत मिरचीचा ठेचा. बाजीरावाने तो मागून मागून खाल्ला होता.

जेवताना स्वानंद 'त्या लोकां'बद्दल बोलायला लागला होता. सुभाष टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचे, "बरोबर आहे." आमच्या घरात ते बोलणं काही नवीन नव्हतं. लग्नात, बारशाला, ट्रिपला, सगळीकडे आम्ही तसं बोलायचो आणि मग ताटं उचलून कामाला लागायचो. आमचं ते तोंडी लावणं होतं. पोराने त्याचं जेवण केलं.

मग ती दिवाळी आली. तळवलीच्या नाक्यावर अब्दुल्लाभाईंची बेकरी होती. दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या सगळ्या बायका नानकटाईचं पीठ मळून डबे घेऊन तिथे जायच्या. ट्रेमध्ये मांडून द्यायचं आणि भट्टीत भाजून घ्यायचं. घरच्या ओव्हनला तो खुसखुशीतपणा येत नाही. स्वानंद लहान असल्यापासून माझ्याबरोबर डबा धरून यायचा. अब्दुल्लाभाई त्याला मागे लाकडांच्या खोलीत बसायला द्यायचे, कडेचा जळका तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवायचे. मागच्या दाराची कडी आतून नीट लागत नाही, हे त्याला तेव्हापासून माहीत होतं.

त्याच दाराने आत जाऊन त्याने पिशवी ठेवली. शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळेला. त्या वेळी शटर अर्धं खाली असतं आणि माणसं मशिदीत गेलेली असतात. पण त्या शुक्रवारी भट्टीत चार बायकांचे ट्रे होते. त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या गीतांजलीचा एक आणि माझा एक. बायकांचा फराळ करपायला नको म्हणून अब्दुल्लाभाईंनी कामगारांना पाठवलं आणि स्वतः नमाजाला गेलेच नाहीत. पिशवी फुटली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. उजव्या हाताची बोटं गेली. मेले नाहीत, म्हणून वकील म्हणतात की आपली केस बरी आहे.

त्यानंतर सगळ्यांनी मला एकच विचारलं, का केलं हो? पोलिसांनी विचारलं, माईक घेऊन जिन्यात बसलेल्या पोरीने विचारलं, माझ्या नणंदेने तर फोनवर रडत विचारलं. मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का? टीव्हीवर तज्ज्ञ लोक बसतात ना, दहशतवादाची मुळं सांगायला, ते मी वही घेऊन बसावं तसं ऐकायचे. कुणी म्हणे गरिबी. आमचा टूबीएचके आहे. कुणी म्हणे अडाणीपणा. कुणी म्हणे मोबाईल, कुणी म्हणे इतिहास. सगळं थोडं थोडं खरं वाटायचं आणि माझा पोरगा त्यात कुठेच सापडायचा नाही. मी टीव्ही बंद करून त्याच्या खोलीत जाऊन बसायचे. उशीला त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता, तोही पहिल्या वर्षातच उडाला. मग मी दुकानातून तेच तेल आणलं. हसा तुम्ही. दुपारी झाकण उघडून वास घ्यायचे आणि परत लावायचे.

मला तो पाहिजे होता. निर्दोष सुटलेला, सुधारलेला, कसला कसला नाही, नुसता घरात असलेला. भात दे म्हणून खेकसणारा. भूक लागावी तशी मला त्याची आठवण यायची, अगदी पोटात. आणि आता तो येणार होता, तर मध्ये हे ताट.

"एक ताट ओवाळायचंय," सुभाष म्हणाले. "डोंगर उचलायला नाही सांगितलेलं. ओवाळ, घरात घे, मग काय बोलायचं ते बोल त्याला."

बरोबरच वाटत होतं मला ते. त्या दोन दिवसांत मी निरांजन घासूनसुद्धा ठेवलं. पण हात काही हलेना. कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासारखं माणूस मला एकच दिसत होतं. मी तुर्भ्याला गेले.

अब्दुल्लाभाई आता मुलीकडे राहतात, आफरीनकडे. मागे मी हॉस्पिटलमध्ये गेले होते तेव्हा तिने मला दारातूनच परत पाठवलं होतं आणि ठीकच केलं होतं. या वेळी तिने दार उघडलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि काही न बोलता आत सरकली. अब्दुल्लाभाई खिडकीशी बसले होते. डोळ्यावर काळा चष्मा. मूळचे ते श्रीवर्धनकडचे, बोलणं अजून तसंच.

"वयनी, बसा," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. मिरवणूक, ताट, बाजीराव. सांगता सांगता माझीच मला लाज वाटली, की हे मी कुणाला विचारतेय. आफरीन आतून म्हणाली, "अब्बा, यांना म्हणावं, इथे कशाला आलात?"

"थांब गो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ओवाळा नायतर नको ओवाळू, तो तुमचा मामला हाय. पोर तुमचा हाय. मना येकच पायजे. त्याला इचारा, मी आत हाय, ह्या त्याला ठाव होता काय? रोज रातीला तोच इचार येतो. लहानपनापास्ना बगितलेला पोर."

मी हो म्हटलं आणि उठले. मलाही इतकी वर्षं तेच विचारायचं होतं आणि मी एकाही भेटीत विचारलं नव्हतं. तब्येत, डबा, वकील, हेच बोलत आले होते.

गुरुवारी तळोज्याच्या तुरुंगात शेवटची मुलाखत होती. काचेच्या पलीकडे तो बसला, इकडे मी, दोघांच्या हातात फोन. तो वाळला होता. कपाळावर गंध. नवीन लोकांना धीर देतो म्हणे आतमध्ये, सगळे मान देतात.

"आई, शनिवारी!" तो म्हणाला. त्याने नाकातून तो आवाज काढला आणि मला वाटलं, काच फोडावी.

"स्वानंद, अब्दुल्लाभाईंनी विचारलंय. ते आत आहेत, हे तुला माहीत होतं?"

त्याचं हसू गेलं. "शुक्रवार होता. शुक्रवारी त्या वेळेला आत कुणी नसतं. आम्हाला कुणाला मारायचं नव्हतं, नुसती दहशत बसवायची होती."

"दिवाळीतला शुक्रवार होता."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दिवाळीत भट्टी कधी रिकामी असते? माझ्याबरोबर डबा धरून तू किती वेळा आलास? ट्रे आत असले की तो माणूस हलतो का जागचा?"

"ते लक्षात नाही आलं," तो म्हणाला.

"धर्मासाठी करत होतास ना रे? आणि दिवाळी लक्षात नाही आली?"

तो काचेवर बोटाने रेघा ओढत बसला. मी विचारलं, "ती बेकरी कुणी सांगितली तुला? बाजीरावाने?"

"नाही, मीच सांगितली." आणि आता तो सरळ बसला. "बाजीरावसरांनी विचारलं होतं, कुणाला एखादी जागा आतून माहितीय का. तेवीसजण होते बैठकीत, चांगले इंजिनियर, वकील. सगळे गप्प. मला माहीत होती, आई. मी हात वर केला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, स्वानंदराव, शाब्बास!"

एवढी वर्षं तुरुंगात काढून, ते शाब्बास मला सांगताना त्याचा चेहरा उजळला. पहिलीत पाढे म्हणून दाखवताना उजळायचा, तसाच. मला किंचाळावंसं वाटलं. टीव्हीवरचे ते तज्ज्ञ, ते पोलीस, सगळ्यांना ओढत आणून दाखवावंसं वाटलं, की बघा, हे बघा कशापायी. एका माणसाचा डोळा गेला तो एका शाब्बासकीपायी. आणि ती शाब्बासकी घरात का नव्हती, हे विचारायला सुभाष काही बरोबर आलेले नव्हते, आणि मी तरी कुठे दिली होती?

"ऐक माझं," मी म्हटलं. "शनिवारी हार घालून घेऊ नकोस. रिक्षा कर, मागच्या गेटने वर ये. मी वालाचं बिरडं करते, भात लावते. मग आपण दोघं तुर्भ्याला जाऊ. मी येते तुझ्याबरोबर. तू फक्त त्यांच्यासमोर उभा राहा."

"अगं, माणसं येणारेत. बॅनर लागलेत. मी मागच्या गेटने काय येऊ, चोरासारखा?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू ओवाळणार ना?"

"अब्दुल्लाभाईंना काय सांगू?"

"सांग काहीतरी," तो म्हणाला. तेवढ्यात वेळ संपला आणि फोन बंद झाला. पलीकडून तो ओठ हलवून परत तेच विचारत होता, ओवाळणार ना.

शनिवारी सकाळपासून मी स्वयंपाक केला. वाल सोलताना नखं दुखून आली. अकराच्या सुमाराला ढोल ऐकू यायला लागले. सुभाष नवा सदरा घालून कधीचेच खाली गेले होते. मी हात पुसले आणि तशीच घरातल्या साडीवर खाली उतरले, रिकाम्या हाताने.

गेटवर ही गर्दी. बॅनरवर स्वानंद, मागे वाघ. त्याखाली तो खराच उभा होता, गळ्यात इतके हार की हनुवटी वर धरायला लागत होती. काच मध्ये नव्हती. हात लावता येईल इतका जवळ होता तो आणि मला दुसरं काही दिसेना. गीतांजली नऊवारी नेसून, नथ घालून तबक घेऊन तयार होती. निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची बायको ती, हौशी. "वहिनी, किती नशीबवान हो तुम्ही," म्हणत तिने तबक माझ्यापुढे केलं. कॅमेरे फिरले.

मी तबक घेतलं नाही.

"स्वानंद," मी म्हटलं, "हार काढ आणि वर चल. जेवण तयार आहे."

त्याला वाटलं असेल, आई बावरलीय. तो पुढे आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

कुठल्या आईने असं केलेलं मी आजवर बघितलेलं नाही. मुलाने वाकावं आणि आईने पाय मागे घ्यावेत. ढोल बंद पडले. तो तसाच वाकलेला राहिला, हात माझे पाय होते तिथे जमिनीवर, आणि मान वर करून अगदी हळू म्हणाला, "आई, नको ना असं करूस. सगळे बघतायत."

तो माझाच मुलगा होता हो. तो आवाज त्याचाच होता. इतकी वर्षं मी त्या आवाजासाठी तडफडले आणि तो या वेळेला यायचा होता.

"बघू देत," मी म्हटलं. "तू हार काढ, बाळा. एवढंच कर. मी आहे."

त्याचा हात हाराकडे गेला. शपथेवर सांगते, गेला. दोन बोटं दोऱ्यात अडकवलीसुद्धा होती त्याने. मग बाजीरावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओढलं नाही, ढकललं नाही, नुसता ठेवला आणि म्हणाला, "चला, स्वानंदराव." त्याची बोटं सुटली.

कुणीतरी म्हणालं, अहो, शकुन नको मोडायला. गीतांजली पुढे झाली. तिने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्याने डोळे मिटून घेतले, मान खाली घातली, आणि दुसऱ्याच बाईच्या हातचं औक्षण होऊ दिलं. माझ्याएवढ्याच उंचीची बाई, माझ्याच वयाची. लांबून बघणाऱ्याला काही फरकही कळला नसेल. सुभाष तिथेच उभे होते, ते म्हणाले, "तू ओवाळलं असतंस तर आज घरात असता तो." हो, असता. भात खाऊन झोपला असता आणि उद्या बाजीराव दारात आला असता, आतून माहीत असलेली दुसरी एखादी जागा विचारायला. हे मला कळत होतं आणि तरी मला त्याच्या मागे धावायचं होतं.

त्याला जीपमध्ये चढवलं. जीप हलली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, गर्दीतून नेमकं माझ्याकडे. आणि माझा हात वर गेला. आपोआपच गेला. परत ये म्हणायला, आत्ता ये, उद्या ये, कधीही ये, पण एकटा ये.

"आईनं आशीर्वाद दिला!" बाजीराव ओरडला. सगळे कॅमेरे माझ्या हाताकडे वळले, आणि पोरांनी पुन्हा ढोल वाजवायला सुरुवात केली.